खाडीत कयाक घालण्याआधी

कुंडलिकेच्या खाडीत गळ घेऊन कयाकने जायचं तर मी आधी तिथी पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जबर ओढ असते. अष्टमीच्या सुमाराचं भांगाचं पाणी सौम्य, नवख्याला तेच बरं. भरती साधारण 6 तास चढते. तिच्याबरोबर वर जावं, ओहोटीबरोबर परतावं. दंड भरून येत नाहीत.

मासेमारीला मी वर उघडी बैठक असलेली, 80 सेंटिमीटरच्या आसपास रुंद कयाक निवडतो. ती वेगाला कमी, पण जिताडा हिसका देतो तेव्हा डगमगत नाही. वर आलेलं पाणी भोकांतून निघून जातं. रुंद कयाकला वल्हंही लांब हवं, 230 ते 240 सेंटिमीटर. वल्हं दोरीने बांधलेलं, मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत, सुरी हाताशी. नांगराची दोरी मधोमध बाजूला बांधू नये. ओढीत कयाक आडवी होऊन उलटते. ती टोकालाच बांधावी.

लाइफ जॅकेट मात्र पट्टे आवळून अंगावरच हवं. मागे ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर हाती लागेलच असं नाही. पैसे मोजके असतील तर रॉड स्वस्तातला घ्या, जॅकेट मात्र स्वस्तातलं नको.