मुरमाची वाट आणि एका रात्रीचा संसार

आमच्या कुळाचे दैवत घाटाखाली अंत्रुज महालात, आणि आमचे बिऱ्हाड चार पिढ्यांपासून घाटमाथ्यावर बेळगावात. सीमाभागात अशी घराणी पुष्कळ आहेत. वर्षातून एकदा देवाच्या पायरीवर डोके टेकावे, येताना प्रसादाचा नारळ आणावा, एवढाच त्यांचा नि देवाचा व्यवहार. परंतु तो चुकला तर वर्ष सुने गेल्यासारखे वाटते. मोटारीने हा प्रवास एका सकाळीत आटोपतो. आम्ही मात्र गेली पुष्कळ वर्षे तो सायकलीने करीत आलो आहोत. वाटेत एक रात्र कोठेतरी टेकावे आणि दुसऱ्या दिवशी दर्शन घ्यावे, असा परिपाठ. तीन वर्षांमागे आमच्या उजव्या गुडघ्याने हरकत घेतली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, सायकल चालेल, रेटा चालणार नाही. घाट आणि रेटा यांची फारकत कशी करावयाची? यात्रा सोडणे मनाला पटेना, तेव्हा सायकलच नव्याने सिद्ध करण्याचे आम्ही ठरविले. त्या सिद्धतेची ही हकिकत आहे.

वाटेविषयी आधी सांगितले पाहिजे, कारण सायकल वाटेवरून ठरते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि मग घाट उतरून केरी व साखळी, हा हमरस्ता. त्यावर मालमोटारींची वर्दळ इतकी, की देवाचे नाव भक्तीपेक्षा भीतीनेच अधिक घेतले जाते. म्हणून जेथे जेथे गावागावांना जोडणारी मुरमाची अथवा मातीची वाट आहे, तेथे आम्ही हमरस्ता सोडतो. घाटाच्या दोन्ही अंगांना मात्र राखीव अरण्ये आहेत, कर्नाटकाच्या बाजूस भीमगड आणि गोव्याच्या बाजूस म्हादई. तेथील आडवाटांनी परवानगीवाचून शिरणे गैर; म्हणून घाट तेवढा डांबरी रस्त्यानेच. साखळीच्या खाली पुन्हा तांबडी माती लागते, आणि नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन घेऊन होडीने दिवाडीत उतरले, की खाजनाच्या बांधांवरून जाणाऱ्या वाटा मिळतात. इंग्रजीत अशा खडी-मुरमाच्या रस्त्याला ग्रॅव्हल म्हणतात, आणि त्यावर चालविण्याच्या सायकलींची आता एक स्वतंत्र जातच निर्माण झाली आहे. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात एम्पोरिया गावी २००६ साली गारगोटीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली. या जातीचा बोलबाला होण्यास ती पुष्कळ अंशी कारण झाली.

बोलबाला नवा असला तरी वस्तू तितकीशी नवी नाही. आमच्या आजोबांची काळी सायकल अठ्ठावीस इंची होती, आणि तिचे टायर दीड इंच रुंदीचे, म्हणजे चाळीस मिलिमीटरांच्या आसपासचे. त्या काळी खेड्यापाड्यांत डांबर होते कोठे? पुढे रस्ते गुळगुळीत झाले, सायकल म्हणजे शर्यत असे समीकरण झाले, आणि टायर तेवीस मिलिमीटरांपर्यंत वाळत गेले. आता तेच पुन्हा चाळिशीवर आले आहेत. आम्ही जी पोलादी सांगाड्याची सायकल घेतली, तिच्या चिमट्यांत बेचाळीस मिलिमीटरांचे टायर मावून दोन्ही बाजूंस बोट जाईल एवढी जागा राहते. ही जागा प्रथम पाहावी. रंग, वजन आणि किंमत मागाहून. ओल्या तांबड्या मातीचा लगदा टायर व चिमटा यांच्यामध्ये साचला, की चाक जागच्या जागी थिजते, आणि मग स्वार सायकलीला नव्हे, सायकल स्वाराला वाहावयास लावते.

रुंद टायरचा खरा गुण रुंदीत नसून त्यात कमी हवा भरता येते यात आहे. कडक फुगविलेले चाक प्रत्येक खड्यावर उसळी घेते. ती उसळी म्हणजे वरच्या दिशेने वाया गेलेले श्रम. त्याचा हिशेब मनगटे आणि गुडघे चुकते करतात. मऊ चाक खड्याला पोटात घेऊन पुढे सरकते. आमचे वजन अडुसष्ट किलो आणि सामान नऊ किलो. एवढ्या भाराला मुरमावर पुढे बत्तीस व मागे छत्तीस पौंड दाब आम्हांस मानवतो, डांबरावर आठ-दहा पौंड अधिक. प्रत्येकाने आपले आकडे आपल्या वजनाप्रमाणे शोधावेत. मात्र एक खूण सर्वांना लागू आहे: दगडावरून जाताना रिमेचा ठणका ऐकू आला तर हवा कमी आहे, आणि दात वाजू लागले तर जास्त. आतली ट्यूब काढून टाकून टायरमध्ये चिकाचे द्रावण घालण्याची नवी रीतही आम्ही स्वीकारली. बाभळीचा काटा रुतला तर ते द्रावण स्वतःच भोक बुजविते. आमच्या उन्हाळ्यात ते काही महिन्यांत सुकते, म्हणून निघण्यापूर्वी चाक हलवून आत खळखळ होते की नाही हे ऐकावे, आणि तरीही एक ट्यूब जवळ बाळगावी.

आता गिअर. गुडघ्याच्या दृष्टीने हेच प्रकरण मुख्य होते, म्हणून थोडे गणित सोसावे लागेल. जुन्या एकेरी सायकलीला पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दाते आहेत असे धरले, तर पेडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे झकास. घाटात याचाच अर्थ पेडलवर उभे राहून सारे शरीर गुडघ्यावर तोलणे. आमच्या मेस्त्रींनी पुढे तीस दात्यांचे लहान चक्र आणि मागे चौतीस दात्यांचे मोठे चक्र बसवून दिले. त्या जोडीत एका फेरीला सायकल दोन मीटरही सरकत नाही. एक मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सात किलोमीटर! शेजारून चालणारा मनुष्य थोडा भरभर चालला तर बरोबरीने गप्पा मारीत येईल. परंतु बसल्या जागी, श्वास न फुलता, गुडघ्यावर भार न देता चढ चढता येतो.

या बाबतीत एका फ्रेंच गृहस्थाचे ऋण मान्य केले पाहिजे. पॉल द व्हिव्ही हे त्यांचे नाव, परंतु व्हेलोसिओ या टोपणनावानेच ते प्रसिद्ध होते. त्यांनी १८८७ साली सायकलस्वारांसाठी नियतकालिक काढले आणि १९३० साली निधन होईपर्यंत बदलत्या गिअरचा व दूरच्या भटकंतीचा पुरस्कार केला. गृहस्थ शाकाहारी होते, हे आमच्या वाचकांना विशेष आवडेल. त्यांच्या उलट पक्षाला आंरी देग्रांज, म्हणजे फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीचे जनक. गिअर बदलणे हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचे काम, अशा आशयाचा टोमणा त्यांनी मारला होता, आणि त्या शर्यतीत गिअर बदलण्याची यंत्रणा १९३७ पर्यंत वर्ज्य होती. आम्ही ती रेषा ओलांडून तेरा वर्षे झाली. तेव्हा देग्रांजसाहेबांच्या मताप्रमाणेही आमचा हक्क शाबीत आहे.

राहता राहिले ओझे. नव्या पद्धतीत कॅरियर नसते. सांगाड्यालाच पिशव्या घट्ट आवळून बांधतात. एक हँडलपुढे, एक सांगाड्याच्या त्रिकोणात, एक सीटखाली. कोणत्या पिशवीत काय घालावे याचे शास्त्र पुस्तकांतून वाचण्यापूर्वी आमच्या डोळ्यांसमोर दोन गुरू होते. आमच्या गल्लीतील दूधवाला जड किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस, जमिनीलगत लोंबकळत ठेवी. गोव्यातला पोदेर पावाची भलीमोठी टोपली मागे उंचावर बांधून भोंगा वाजवीत पहाटेच्या अंधारातून लीलया जातो, कारण पाव आकाराने मोठा परंतु भाराने हलका. जड ते खाली नि मध्यावर, हलके ते टोकांना. याहून अधिक काही त्या शास्त्रात नाही. म्हणून आमच्या त्रिकोणी पिशवीत हत्यारे, ट्यूब, पंप आणि शिधा, हँडलपुढे चटई, चादर व मच्छरदाणी, सीटखाली कपडे. तंबू आम्ही नेत नाही. वाटेतील एखाद्या देवळाच्या व्यवस्थापकांना आधी विचारून ओसरीवर पथारी टाकतो आणि दुसऱ्या रात्री देवाच्या अग्रशाळेत खोली मिळते. मग तंबू कशाला?

आमच्या आत्या एकदा ही बांधाबांध पाहत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘अरे, सोवळ्याचं काय? त्या तोकड्या विजारीत देवासमोर उभा राहणार आहेस का?’’ प्रश्न रास्त होता. गोव्यातील देवालयांत अंगभर वस्त्र लागते, आणि ते योग्यच आहे. तेव्हापासून एक सुती धोतर व उपरणे मेणकापडात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत सर्वांत आत असते. त्यासाठी आम्ही दुसरा सदरा गाळला. आत्यांनी दिलेल्या दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ दोन दिवस टिकतात. बेळगावचा कुंदा उन्हात टिकत नाही, म्हणून तो पहिल्याच थांब्यावर संपवावा लागतो. याविषयी कोणाची तक्रार नसते.

अशी निवड करताना दर वेळी आमच्या मनात एक जुनी गोष्ट येते. श्रीमंगेशाचे लिंग मूळ कुठ्ठाळीचे; पोर्तुगिजांच्या धाकाने १५६० साली ते नदीपलीकडे प्रियोळास आणले गेले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. त्या मंडळींजवळ घरे होती, शेते होती, भांडीकुंडी होती. काय उचलावे आणि काय टाकावे, हे त्यांनी कसे ठरविले असेल! आमचे ओझे हौसेचे, त्यांचे जिवावरचे. दोहोंची तुलना करणे हास्यास्पद. तरीपण त्या वाटांवरून आपल्या नऊ किलोंसह जाताना तिसरा रुमाल घ्यावा की नको, या विवंचनेची थोडी लाज वाटते खरी.

किरकोळ गोष्टी थोडक्यात सांगतो. ब्रेक चकतीचे घ्यावेत. रिमेवर घासणारे ब्रेक ओल्या मातीत रबर आणि रिम दोन्ही खातात. घाट उतरताना ते सतत दाबून धरू नयेत, अधूनमधून सोडून त्यांना निवू द्यावे. पुढच्या चाकाच्या तुंब्यातच तीन वॉटचा डायनॅमो बसविला आहे, त्यामुळे दिव्याला विजेचे उसने घ्यावे लागत नाही. पट्टे बांधल्यावर लोंबती टोके गुंडाळून ठेवावीत, अन्यथा ती चाकात जातात. आणि नवी मांडणी प्रथम घरापासून वीस किलोमीटरांवर नेऊन एक रात्र काढून पाहावी. आम्ही येळ्ळूरच्या एका स्नेह्यांच्या शेतघरात राहून पाहिले. तेथेच कळले की सीटखालची पिशवी भरताना मऊ कपडे टोकाशी आणि घट्ट वस्तू सीटलगत ठेवल्या नाहीत, तर ती गाईच्या शेपटीसारखी डोलते.

गेल्या मार्गशीर्षात दर्शन घेऊन परत निघालो तेव्हा दशम्या संपल्या होत्या आणि त्रिकोणी पिशवीत बरोबर त्यांच्या जागी आत्यांसाठी घेतलेला नारळ बसला. केरीपासून घाटमाथ्यापर्यंत सातशे मीटरांहून अधिक चढ. बरोबरची तरुण मंडळी पहिल्याच वळणाआड दिसेनाशी झाली. आम्ही सर्वांत लहान चक्रावर साखळी टाकली आणि साठ फेऱ्या मोजीत राहिलो. मोटारींतील मुले काचेतून वाकून पाहत होती. चार ठिकाणी पाणी प्यायलो, एकदा वानरांना वाट दिली. माथ्यावर वारा लागला तेव्हा गुडघ्याकडे लक्ष गेले. तोवर तो आहे याची आठवणही झाली नव्हती. तरुण मंडळी चहाच्या टपरीवर वाट पाहत होती, आणि त्यांतल्या एकाने चहा येण्यापूर्वीच आमच्या मागच्या चक्राचे दाते मोजावयास सुरुवात केली.