विचारणारा कोण?

गुन्हेगारी आणि भ्रष्टाचारावरचे चित्रपट पुष्कळ निघतात. बहुतेकांत शेवटी पोलिसांची गाडी येते, खलनायकाला बेड्या पडतात आणि आपण निश्चिंत मनाने घरी जातो. ‘सामना’ पाहून तसे निश्चिंत होता येत नाही.

निर्माते रामदास फुटाणे हे शाळेत चित्रकला शिकवणारे शिक्षक. लेखन विजय तेंडुलकरांचे आणि दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, त्यांचा हा पहिलाच चित्रपट. ना रंग, ना भपका. तरी १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले निळू फुले आणि मास्तर झाले आपल्या साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू. एकेकाळचा हा स्वातंत्र्यसैनिक दारूने पोखरलेल्या अवस्थेत गावात येतो. हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो. पण मारुती कांबळे हे नाव मास्तरच्या कानावर पडते आणि त्या माणसाचे काय झाले, हे तो विचारतच राहतो.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठच्या वाचकाला ही दुनिया समजावून सांगायला नको. साखर कारखान्यांनी या भागात रस्ते आणले, शाळा आणल्या, हे नाकारता येणार नाही. पण ऊस, पगार आणि पोराची नोकरी एकाच माणसाच्या शब्दावर अडली, की गावाची वाचा बसते. ‘सामना’त ही बसलेली वाचा दिसते.

माझ्या आईने हा चित्रपट घरी दूरदर्शन संचावर पाहिला. तिचे माहेर जत तालुक्यातले, दुष्काळी. सगळा चित्रपट तिने मुकाट्याने पाहिला आणि शेवटी म्हणाली, “गावात एवढी माणसं हुती, मग परक्या मास्तरालाच का इचारावं लागलं?”

मी निरुत्तर झालो. मग तिनेच मामाची गोष्ट सांगितली. मामा ऊसतोडीला जात असे. एका हंगामात त्याने मुकादमाकडे उचलीचा हिशेब मागितला. पुढच्या हंगामाला टोळी निघाली, तेव्हा त्याचे नाव नव्हते. टोळीत भाऊबंद होते, शेजारी होते. का वगळले, असे एकानेही विचारले नाही. प्रत्येकाला आपापली उचल फेडायची होती. मास्तरला ना शेत, ना उचल, ना पोराची नोकरी. म्हणून तो विचारू शकला.

अमेरिकेतही असाच एक कमी खर्चातला कृष्णधवल गुन्हेपट निघाला, ‘द फिनिक्स सिटी स्टोरी’, १९५५ सालचा. अलाबामा राज्यातले हे गाव जुगार आणि लाचखोरीने सडले होते. ते साफ करू म्हणणारे वकील अल्बर्ट पॅटरसन राज्याच्या महाधिवक्तापदाची उमेदवारी जिंकले आणि १८ जून १९५४ रोजी त्यांचा खून झाला. तेव्हा कुठे सरकारने तिथे सैनिक पाठवले. चित्रपटात एका काळ्या मजुराची लहान मुलगी मारून तिचे प्रेत पॅटरसनांच्या अंगणात फेकले जाते. पोलिसांना त्याचे काहीच वाटत नाही.

पुढचा इतिहास चित्रपटात नाही. पित्याच्या जागी महाधिवक्ता झालेल्या जॉन पॅटरसन यांनी गुंडांची टोळी मोडली आणि १९५६ मध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ संघटनेवर न्यायालयाकडून बंदीही आणवली. भ्रष्टाचार हटला म्हणजे न्याय आलाच, असे नसते.

म्हणून वाचकहो, ‘सामना’ घरातल्या मुलांना जरूर दाखवा. पण अभिनयाची वाहवा करून उठू नका. आपल्या आळीत, आपल्या टोळीत कोणाचे नाव यादीतून गळाले आहे का, हेही त्यांना विचारा. मास्तर येईल म्हणून वाट पाहण्यात मामाचे अनेक हंगाम गेले.