समईच्या उजेडांत

चिंचवडगांवांतील आमचा वाडा पाडावयाचें ठरलें, तेव्हां घरांतील प्रत्येकानें आपापल्या परीनें त्याचा निरोप घेण्यास सुरुवात केली. धाकट्या भावानें दिंडीदरवाजाच्या पितळी कड्या उतरवून ठेवल्या. वहिनींनीं पाटा-वरवंटा आणि जुनीं भांडीं कोणाकडे जावयाचीं याची यादी केली. आणि घरांत कॅमेरा बाळगणारा मी एकटाच, म्हणून देवघराचें एक चांगलें छायाचित्र काढण्याचें काम मजकडे आलें. काम क्षुल्लक वाटलें खरें, पण त्यानें मला तीन आठवडे झुंजविलें.

आमचें देवघर म्हणजे माजघराच्या पाठीमागची, एकही खिडकी नसलेली खोली. तिच्यांत उजेड काय तो दोन वातींच्या समईचा. ही समई गेलीं साठ वर्षें रोज तिन्हीसांजेला मोठ्या काकू लावीत आल्या आहेत. नव्या इमारतींत देवांना सातव्या मजल्यावर भिंतींतला एक कोनाडा मिळावयाचा आहे; आणि काकूंचें वय चौऱ्याऐंशी असून त्यांना कंपवात आहे. तेव्हां चित्र हवें होतें तें देवघराचें म्हणण्यापेक्षां त्या उजेडाचें, आणि त्या उजेडांत बसलेल्या काकूंचें.

पहिल्या दिवशीं कॅमेरा हातांत धरून, दाराच्या चौकटीस टेकून, श्वास रोखून सात-आठ चित्रें काढलीं. कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर तीं झकास दिसलीं. संगणकावर मोठीं करून पाहतों तों प्रत्येक ज्योतीला शेपूट फुटलेलें, आणि देव कोणता व ताम्हन कोणतें हें श्रद्धेनेंच ओळखावें! दुसऱ्या दिवशीं फ्लॅश वापरला. त्यानें सर्व कांहीं स्वच्छ दिसलें, इतकें कीं भिंतीवरचे ओलीचे डागसुद्धां मोजून घ्यावे. मात्र ज्या उजेडासाठीं हा खटाटोप, तोच नाहींसा झाला. मग पुतण्यानें आपला मोबाईल पुढें केला. हीं यंत्रें अंधारांत एकामागून एक अनेक चित्रें घेऊन तीं एकत्र जुळवितात, आणि काम सुबक करतात यांत शंका नाहीं, पण आमच्या देवांच्या अंगावरची पिढ्यान् पिढ्यांची झीज त्यानें अशी गुळगुळीत करून टाकली कीं काकू म्हणाल्या, "हे आपले देव नव्हेत. हे दुकानांतले आहेत."

हिशेब तसा सोपा आहे. भिंग ५० मिलिमीटरचें असेल, तर हातांत धरलेल्या कॅमेऱ्याचें शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ उघडें ठेवूं नये, असा जुना आडाखा आहे. समईजवळ बसलेल्या काकू आणि मागचे देव दोन्हीं स्पष्ट यावयाचे तर भिंगाचें छिद्र एफ ५.६ इतकें बारीक करावें लागलें; आणि आयएसओ ४०० ठेवला असतां शटर अर्धा सेकंद उघडें राहणें भाग होतें. तेंच काम सेकंदाच्या साठाव्या भागांत उरकावयाचें तर आयएसओ १२,८०० वर न्यावा लागता, आणि मग चित्रावर रवा पसरल्यासारखे दाणे उमटते. अर्धा सेकंद म्हणजे बोलतां बोलतां निघून जाणारा काळ. पण तेवढाही काळ माणसाचा हात स्थिर राहत नाहीं. छातींतलें काळीजच त्याला स्वस्थ बसूं देत नाहीं.

याबद्दल मला स्वतःची लाज वाटली, आणि तिला कारण आहे. चाकणच्या एका कारखान्यांत माझा सारा दिवस मोजमापाच्या खोलींत जातो. तेथें काळ्या ग्रॅनाइटच्या जड पाटावर मापकें मांडलेलीं असतात. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशीं बजावतों कीं, मापकाच्या दांड्यास बोट लावून कांटा वाचूं नका. नुसती हाताची ऊब लागली तरी लोखंड कांहीं मायक्रोन वाढतें. हें इतरांस सांगणारा मनुष्य घरीं मात्र श्वास रोखून चित्र काढीत होता!

तेव्हां तिपाई आणणें आलें. पुतण्यानें आणलेली पहिली तिपाई इतकी हलकी होती कीं पंख्याच्या वाऱ्यानें थरथरे. अशी तिपाई घेण्यापेक्षां कॅमेरा पाटावर उशी ठेवून तिच्यावर टेकवावा हें बरें. मग एका स्नेह्याची जुनी, वजनदार तिपाई मागून आणली. तिच्या पायांचे जाड खण आधीं उघडावयाचे, बारीक शेवटीं. मधला दांडा होतां होईतों वर चढवावयाचा नाहीं, कारण तो चढविला कीं तीन पायांच्या डोक्यावर एक पाय उभा केल्यासारखें होतें. दांड्याच्या आंकड्यास पिशवी अडकवून तींत वहिनींचा लोखंडी खलबत्ता ठेवला. बटणास हात न लावतां दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बोटाचा धक्का विरून गेल्यावर शटर उघडतें.

सरावासाठीं एका संध्याकाळीं पवनेच्या घाटावर, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळ गेलों. तिपाईनें कोणाची वाट अडूं नये म्हणून तेथल्या मंडळींस आधीं विचारलें. अंधार पडतां पडतां आठ सेकंदांचें चित्र घेतलें. नदीचें पाणी सायीसारखें दिसलें. पायऱ्यांवरून गेलेलीं माणसें चित्रांत कोठेंच नाहींत. एक गृहस्थ जप करीत बसले होते, ते तेवढे उमटले. १८३८ सालीं दागेर यांनीं पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचें जें चित्र घेतलें त्यांतही असेंच झालें होतें. गाड्याघोडे, माणसें सारीं नाहींशीं. बूट पुसून घेण्यासाठीं एका जागीं उभा राहिलेला एक मनुष्य काय तो राहिला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'पूर्वीं वाटाण्याच्या वेलाची वाढ कॅमेऱ्यांत टिपली, तीही कॅमेरा एका जागीं ठेवून, थोडीं थोडीं चित्रें घेत. तेथें हलणारा वेल होता, म्हणून कॅमेऱ्यानें हलून चाललें नसतें.

घरीं येऊन देवघराच्या दारांत तिपाई उभी केली. काकूंना म्हटलें, "तुम्ही नुसत्या बसा, हात मांडीवर ठेवा. हलूं नका म्हणजे झालें." चित्र पाहिलें. समई रेखीव, देव रेखीव, भिंतीवरची सांवलीसुद्धां जागच्या जागीं; आणि काकूंच्या मांडीवर हातांच्या ठिकाणीं नुसता धुरकट पुंजका. पुन्हां काढलें, पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळीं काकूंनीं हात पदराखालीं घेतले. त्या कांहीं बोलल्या नाहींत. मीही कॅमेरा बंद केला. त्या रात्रीं मला जेवण गेलें नाहीं.

त्यांच्या डॉक्टरांनीं पूर्वीं सांगितलेली एक गोष्ट मला दुसऱ्या दिवशीं कारखान्यांत आठवली. काकूंचा कंप हात स्वस्थ असतां होतो, आणि हात कामास लागला कीं पुष्कळसा कमी होतो. आणि मी तर त्यांना स्वस्थ बसावयास सांगत होतों!

त्या सायंकाळीं मी कांहींच सांगितलें नाहीं. तिपाई लावून बाजूला बसलों. काकूंनीं नेहमींप्रमाणें तेल घातलें, वाती वळून लावल्या, आणि काडीनें एक वात पुढें सारून ती नीट पेटते कीं नाहीं हें पाहत त्या क्षणभर थांबल्या. काडी धरलेला तो हात निश्चल होता. टायमरचे दोन सेकंद जातील तोंवर क्षण निसटेल, म्हणून तारेचें लांब बटण जोडून ठेवलें होतें, तें दाबलें.

चित्र मोठें करून काकूंना दाखविलें. नखाला लागलेला तेलाचा थेंबही त्यांत दिसत होता. चष्मा लावून त्यांनीं बराच वेळ पाहिलें.

"वात मोठी झाली आहे रे," त्या म्हणाल्या. "इतकी मोठी मी कधीं ठेवीत नाहीं. उद्यां पुन्हां काढ."

तिपाई अजून देवघराच्या दारांतच उभी आहे.