काचेतला ओढा

कैनाड, जून. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकी. वाळू-दगड वगळता पाणी ४५ लिटरच्या आसपास. मासे सहाच सोडायचे, तेही नर गप्पी. मादी आली की महिन्याभरात पिल्लंच पिल्लं होतात आणि सगळा हिशोब बिघडतो.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली की ते पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवायचं. क्लोरीन कल्ले जाळतं, वाळूतले जिवाणूही मारतं.

सगळा खेळ या जिवाणूंचा. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. दोन्ही टप्पे नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मागच्या खेपेला मी दहाव्या दिवशीच आठ मासे सोडले. पाणी नितळ होतं, मला तेवढंच दिसलं. तिसऱ्या सकाळी चार पालथे. अजून वाईट वाटतं.

हायड्रिला ही पाणवनस्पती तळ्यातून आणली. आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवली. चतुराच्या दोन अळ्या निघाल्या. त्या लहान मासे धरून खातात.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे असाच प्रयोग मांडला होता. दोन सोनेरी मासे आणि पाणवनस्पती. पानं कुजली, पाणी गढुळलं. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी निवळलं. माझी गोगलगाय आत्ता काचेवर चढतेय. तोंड उघडतं, मिटतं. हिरव्या शेवाळात मागे करंगळीएवढी स्वच्छ वाट उरते. अर्धा तास झाला, ती वीतभरसुद्धा सरकलेली नाही.

दाणे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपतील एवढेच. पाहुण्यांच्या मुलांना डबा देऊ नये.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. रात्री वनस्पतीही त्यातलाच घेतात. म्हणून उन्हाळ्यात मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. ऊन टाळायला टाकी पश्चिमेच्या खिडकीपासून हलवली.

नको झालेला मासा ओढ्यात सोडायचा नाही. उजनी धरणात सकर मासा माजलाय, तो मुळात काचेच्या टाक्यांमधलाच.

ऑगस्ट. रात्रभर लाइट नव्हती, हवेचा पंप बंद. पहाटे टॉर्च मारून पाहिलं. सहाही तळाशी, कल्ले सावकाश हलतायत.