विंचवाचं बिऱ्हाड

कॅरॅव्हान डॉक्टरांची होती. डॉक्टर म्हणजे मातीचे डॉक्टर, मृदाशास्त्रात पीएच.डी. केलेले. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या प्रवासात जिथे जिथे मुक्काम पडला तिथे कुणी ना कुणी म्हातारबाबा स्वतःचा गुडघा घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसायचे. डॉक्टरांनी खुलासा करून पाहिला, मग सोडून दिला. शेवटी शेवटी ते एरंडेल चोळायला सांगायला लागले होते.

2017 चा जुलै. आम्ही मेलबर्नची तीन मराठी जोडपी. डॉक्टर आणि वहिनी; शाळेत शिकवणारी आमची मास्तरीण आणि तिचा नवरा, ज्याला सगळे भाऊ म्हणतात; आणि मी आणि माझा नवरा. मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागलेली. तारखा ठरवल्या मास्तरणीच्या शाळेने, कारण हिवाळ्याची सुट्टी 1 जुलैला लागत होती. कॅरॅव्हान अठरा फुटी आणि सेकंडहँड. आत चौघं झोपणार, आम्ही दोघं बाहेर तंबूत. हे कसं ठरलं ते मला आजही नीट आठवत नाही. नवरा म्हणतो, तूच म्हणालीस की मला मोकळी हवा आवडते.

निघायच्या आदल्या रविवारी डॉक्टरांनी कॅरॅव्हानच्या मागच्या बाजूला लाल रंगात देवनागरीत ठसठशीत ‘विंचू’ असं लिहिलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणून. विंचू पाठीवर बिऱ्हाड नाही, पिल्लं घेऊन फिरतो, हेही त्यांनीच रंगवता रंगवता सांगितलं. शास्त्रज्ञ माणसाला म्हणसुद्धा तपासून घ्यावी लागते. भाऊने मात्र काही न तपासता पुढच्या बाजूला एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या ओवून बांधल्या.

पहिला मुक्काम मिल्ड्युराला, मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटरवर. तिथून पुढे दक्षिण ऑस्ट्रेलियाची हद्द लागते आणि हद्दीवर यांबाच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. फळमाशी राज्यात येऊ नये म्हणून ताजी फळं, टोमॅटो, मिरच्या काही म्हणजे काही नेऊ देत नाहीत. वहिनींनी अर्धा किलो मिरची घेतली होती. ती फेकायची? वहिनी मूळच्या सोलापूरच्या. शिजवलेलं चालतं एवढं कळल्यावर त्यांनी रात्री नऊ वाजता तवा तापवला. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून खिडक्या बंद. आत अर्धा किलो मिरची, लसूण, दाणे, तेल. पाचव्या मिनिटाला आम्ही सहाही जण डोळे पुसत बाहेर उभे होतो, आणि शेजारच्या कॅरॅव्हानमधून एक गृहस्थ खोकत खोकत विचारायला आले की तुमचा गॅस गळतोय का. त्यांना पावाच्या तुकड्यावर ठेचा दिला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन बायकोला घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या अधिकाऱ्याने फ्रिज उघडला, कपाटं उघडली, ठेच्याची बरणी उघडून हुंगली आणि घाईने बंद केली. सगळं ठीक. जाता जाता त्याची नजर पुढच्या बाजूला गेली.

‘‘हे काय?’’

‘‘दृष्ट लागू नये म्हणून,’’ भाऊ म्हणाला.

‘‘फळमाशीला हे चालतं का?’’

लिंबू-मिरची कचऱ्याच्या पिंपात गेली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जे जे बिघडलं, त्याचा हिशेब भाऊने त्या पिंपाच्या खात्यावर मांडला.

पोर्ट ऑगस्टाला समुद्र सुटतो. तिथून वर डार्विनपर्यंत स्टुअर्ट हायवे आहे, पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. जॉन मॅकडूल स्टुअर्ट नावाचा स्कॉटिश माणूस 1862 मध्ये दक्षिणेकडून उत्तरेच्या समुद्रापर्यंत पोचला आणि परतही आला. हा हायवे साधारण त्याच्याच वाटेने जातो. दहा वर्षांत, 1872 मध्ये, त्याच मार्गाने तारायंत्राची तार गेली. पूर्ण डांबरी रस्ता व्हायला मात्र 1987 उजाडलं. आम्ही सगळे मागाहून आलेले, म्हणून सुखी.

पहिल्या तासाभरात झाडं ठेंगणी होतात, दुसऱ्या तासात झुडपं, मग माती लाल. ती लालसुद्धा आपल्या कोकणातल्यासारखी ओली नव्हे, भाजलेली, विटेच्या चुऱ्यासारखी. आमचा डॉक्टर माणूस दर पन्नास किलोमीटरला गाडी थांबवून मूठभर माती उचलायचा, बोटांत चुरायचा आणि ‘‘लोह’’ एवढंच म्हणायचा. समोरून रोड ट्रेन यायच्या. तीन-तीन डबे जोडलेले ट्रक, सगळ्यात लांब म्हणजे साडेत्रेपन्न मीटर. ती बाजूने गेली की हवेचा धक्का बसून आमचा विंचू आधी बाहेर ढकलला जायचा, मग आत ओढला जायचा, आणि आतल्या कपाटातली सगळी भांडी एकदा दचकायची. बाकी वाहन क्वचितच दिसायचं. दिसलं की समोरचा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. हात हलवत नाही, हसत नाही, फक्त एक बोट. आपणही उचलायचं. माझ्या नवऱ्याला मेलबर्नच्या ट्रॅफिकमध्ये माणसांना दाखवलेली बोटं तेवढी माहीत होती. हे बोट त्याला फार आवडलं.

विंचू ओढणारी गाडी आणि आमची दुसरी गाडी, दोन्हींत वायरलेस होता. ट्रकवाले चाळीस नंबरच्या चॅनलवर असतात, आपण दुसरीकडे बोलायचं. एका दुपारी आमच्याकडून नेमका चाळीसच लागला होता आणि वीस मिनिटं डॉक्टर-वहिनी आणि आम्ही दोघं, भाजणीत धणे किती घालायचे यावर तावातावाने बोलत होतो. एक घोगरा आवाज मध्येच आला, ‘‘भाषा कळत नाही, पण बाईंचं बरोबर आहे. आता चॅनल बदला.’’ धण्यांचा वाद तिथे मिटला.

4 जुलैला आषाढी एकादशी होती. पिंबा ओलांडल्यावर लेक हार्ट नावाचं मिठाचं तळं लागतं. हायवेच्या कडेला थांबायला जागा आहे, खाली रेल्वेचा रूळ आणि रुळापलीकडे क्षितिजापर्यंत पांढरं. तिथेच मुक्काम केला. मास्तरणीने साबुदाणा सकाळीच भिजवून डबा मांडीवर घेऊन प्रवास केला होता, खड्ड्यांनी चिकट होऊ नये म्हणून. कॅरॅव्हानच्या दोन फुटी ओट्यावर वहिनींनी खिचडी परतली. मिरच्या नव्हत्या, म्हणून ठेच्यातली. त्यात लसूण होता आणि लसूण उपासाला चालत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे त्याबद्दल गप्प राहिले. भाऊ उपास मानत नाही, पण एकादशी दुप्पट खाशी हे तो काटेकोर पाळतो.

जेवण झाल्यावर खाली तळ्यावर गेलो. मिठाचा पापुद्रा पायाखाली करकरत होता. एकादशीचा चंद्र चांगला वर आला होता आणि तो सगळा पांढरा विस्तार आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता. आवाज कसलाच नाही. वाराही नाही. डॉक्टरांची आई तेव्हा पुण्यात होती आणि तरुणपणी तिने आळंदीहून चार वाऱ्या केल्या होत्या. डॉक्टर वाकले, मिठाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मातीच्या बाबतीत इतका कोरडा माणूस. कुणी काही बोललं नाही. परत येताना एक मालगाडी आली, आणि तिचे डबे संपेपर्यंत आम्ही रुळाच्या अलीकडे थंडीत कुडकुडत उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडांबो. गावाच्या पाटीवर लोकवस्ती लिहिली आहे: मेंढ्या 22,500, माश्या अंदाजे वीस लाख, माणसं 30. पुढे कूबर पीडीपर्यंत 254 किलोमीटर पेट्रोल नाही, पाणी नाही, काही नाही. आणि त्याच टप्प्यात विंचवाचा डावा टायर फुटला. स्टेपनी होती. पाना मात्र होता तो कॅरॅव्हानच्या नटांना बसेना. फोनला रेंज नाही. भाऊ पिंपातल्या लिंबाचं नाव घेऊन मोकळा झाला.

चाळीस मिनिटांनी एक कॅरॅव्हान थांबली. क्वीन्सलँडचं सत्तरीचं जोडपं. त्या गृहस्थांनी एक शब्दही न बोलता पेटी उघडली, चार पाने मांडले, तिसरा बसला. तोवर वहिनींनी आलं घालून चहा टाकला. बोलता बोलता कळलं की त्यांनी राहतं घर विकलंय आणि चौदा महिने झाले, ते रस्त्यावरच आहेत. अशा लोकांची इथे फौज आहे, पांढऱ्या केसांचे भटके म्हणतात त्यांना.

‘‘घर विकलं?’’ मास्तरीण म्हणाली. ‘‘मग पत्ता काय लिहिता?’’

त्या बाईंनी चहाचा कप धरलेल्या हातानेच गाडीकडे दाखवलं. मग आमच्या मागच्या लाल अक्षरांचा अर्थ विचारला. डॉक्टरांनी म्हण सांगितली. (पिल्लांचं सांगितलं नाही, याची मी नोंद घेतली.) गृहस्थ हात पुसत म्हणाले, ‘‘म्हणजे आम्हीपण विंचूच.’’ पैसे घेतले नाहीत. ठेचा घेतला.

कूबर पीडीत माणसं जमिनीखाली राहतात, कारण उन्हाळ्यात वर राहवत नाही. 1915 मध्ये सोनं शोधायला आलेल्या एका टोळीतल्या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडलं, आणि तेव्हापासून सगळा परिसर वारुळांसारख्या ढिगाऱ्यांनी भरलाय. घरं डोंगरात कोरलेली, चर्च कोरलेलं, आत बारा महिने सुखाची हवा. गोल्फचं मैदान आहे आणि त्यात गवताचं एक पातं नाही. कॅरॅव्हानमध्ये पाणी भरायला नाणं टाकावं लागतं. नाणं टाकल्यावर वहिनींनी खरकटी भांडी कपभर पाण्यात धुवायला सुरुवात केली आणि ती सवय त्यांची मेलबर्नला आल्यावरही वर्षभर टिकली. टाकाऊ ढिगाऱ्यांत चाळत बसलं तर चुकलंमाकलं ओपल मिळतं, त्याला तिथे नूडलिंग म्हणतात. मी तीन तास उकिडवी बसले आणि मला नखाएवढा, अजिबात रंग नसलेला तुकडा मिळाला. तो माझ्या मंगळसूत्राच्या डबीत आहे.

पुढे मार्लाच्या वर रस्त्याकडेला उंट दिसले. पाळीव नव्हे, रानटी. यांचे पूर्वज आपल्याकडून आलेत, डॉक्टर म्हणाले. 1860 मध्ये बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी कराचीहून चोवीस उंट जहाजातून मेलबर्नला आले, त्यांच्याबरोबर उंटवालेही. तेव्हाची कराची मुंबई इलाख्यातली. पुढे आणखी हजारो उंट आणि बलुचिस्तान, अफगाणिस्तान, पंजाब, राजस्थानातले उंटवाले आले. सरसकट सगळ्यांना ‘अफगाण’ म्हणत. या वाळवंटातलं तारेचं सामान, रेल्वेचे रूळ, लोकर, सगळं त्यांनी वाहिलं. मोटारी आल्यावर उंट मारून टाकायचे हुकूम निघाले, आणि अनेकांनी मारण्याऐवजी ते सोडून दिले. ‘‘म्हणजे मुंबई इलाख्यातले,’’ भाऊ खिडकीतून उंटाकडे बघत म्हणाला, ‘‘मराठी समजत असेल त्याला.’’ त्याने काच खाली करून ‘‘काय पाव्हणं’’ अशी हाकही मारली. उंटाने ढुंकून पाहिलं नाही.

उलुरूच्या आधी माउंट कॉनर लागतो. सपाट माथ्याचा, मोठा. आमच्या मास्तरणीने त्यालाच उलुरू समजून वीस फोटो काढले. खरा उलुरू नंतर आला आणि गाडीत बोलणं बंद झालं. 348 मीटर उंचीचा एक अखंड खडक, हे वाचून जो आकार मनात येतो तो फार लहान असतो.

तेव्हा वर चढायला परवानगी होती. साखळी लावलेली होती, लोक मुंग्यांसारखे चढताना दिसत होते. आणि चढाच्या पायथ्याशीच तिथल्या आनंगू लोकांची पाटी होती की हे आमचं पवित्र स्थान आहे, कृपा करून चढू नका. भाऊला चढायचं होतं. दोन हजारांवर किलोमीटर आलो ते काय खालून बघायला? थोडी वादावादी झाली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘‘घरचे लोक नको म्हणतायत ना? मग आपण प्रदक्षिणा घालू.’’ तळाभोवतीचा घेर 9.4 किलोमीटर, वाट थोडी जास्त. चार तास लागले. मुतितजुलूच्या पाणवठ्यापाशी बसलो तेव्हा भाऊच सगळ्यात जास्त वेळ बसला. दोन वर्षांनी, 26 ऑक्टोबर 2019 ला, चढाई कायमची बंद झाली. बातमी आली तेव्हा भाऊने आमच्या ग्रुपवर एकच शब्द टाकला: ‘‘वहिनी.’’

परतीच्या वाटेवर, कूबर पीडीच्या अलीकडे, एका उघड्या तळावर रात्र काढली. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, चंद्र उशिरा येणार होता. खुर्च्या लावून, रजया पांघरून बसलो. त्रिशंकू नैऋत्येला कलला होता. आपल्याकडे तो जेमतेम क्षितिजावर डोकावतो, तिथे मात्र झेंड्यासारखा वर. इथले मूळ रहिवासी नुसते तारे जोडत नाहीत, ताऱ्यांमधला काळोखही वाचतात. त्रिशंकूजवळचा काळा डाग म्हणजे एमूचं डोकं, आणि मग आकाशगंगेच्या मधोमध त्याची मान आणि अंग. ते एकदा दिसलं की पुसता येत नाही. माझी मान त्या एमूच्या मागे मागे वर गेली, आणि बरोब्बर डोक्यावर, नांगी वळवून, अख्खा वृश्चिक होता. लहानपणी साताऱ्यात गच्चीवरून तो दक्षिणेला, आडवा सरपटताना बघितलेला. असा माथ्यावर कधीच नाही.

‘‘डॉक्टर, वर बघा,’’ मी म्हटलं.

ते बराच वेळ बघत राहिले. ‘‘पाठीवर काही दिसत नाही,’’ म्हणाले.

2021 मध्ये डॉक्टर आणि वहिनी आईसाठी पुण्याला परत गेले, कायमचे. हद्दी बंद होत्या, परदेशी फिरायला जायची सोय नव्हती, आणि सगळं मेलबर्न कॅरॅव्हान शोधत होतं. दोन दिवसांत विंचू विकला गेला, घेतला त्याहून चढ्या भावाने. घेणारं जोडपं तरुण होतं. आतल्या कपाटाला हिंगाचा वास येतो, हे त्यांना लपवून ठेवलं नाही. मागची अक्षरं पुसून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणाले.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी जुलैमध्ये त्या रस्त्याला गेलात, पाणी दोन कॅन जास्त घ्या, नटांना बसणारा पाना आधी तपासा. आणि एखाद्या अठरा फुटी कॅरॅव्हानच्या मागे लाल देवनागरीत ‘विंचू’ दिसला, तर पुढे जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट तेवढं उचला.