रतनगडाचा फेरा

रतनवाडीतून शिड्यांच्या वाटेने गड चढायचा, माथा फिरून नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या भोकात पोचायचं, त्र्यंबक दरवाज्याने साम्रदच्या अंगाला उतरायचं आणि डांबरी रस्ता धरून पुन्हा रतनवाडीला यायचं. पहाटे निघालं तर दिवेलागणीच्या आत अमृतेश्वराच्या देवळापाशी परत पोचता येतं. माझं माहेर संगमनेरचं. आमच्या नळाला येणारं पाणी प्रवरेचं आणि प्रवरेचा उगम रतनगडावरचा. गावाजवळ रुंद, संथ पाहिलेली नदी इथे एका उडीत ओलांडता येते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मी या गडाकडे पुन्हा पुन्हा जात आले आहे. पावसाळ्यात गेले, थंडीत गेले, वैशाखाच्या उन्हातही गेले. ओळखीपाळखीचे लोक मला विचारतात, "रतनगडाची वाट कशी आहे?" मी उलट विचारते, "कोणत्या महिन्यात जाताय?" कारण हा फेरा पूर्ण करावा की अर्ध्यातून मागे फिरावं, सरळ दिशेने करावा की उलट्या, हे सगळं महिन्यावर ठरतं.

पावसाळ्याचं आधी सांगते, कारण बहुतेक लोक तेव्हाच येतात. घाटघर-रतनवाडीचा हा पट्टा राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी आहे. कोकणातून चढून आलेले ढग याच भिंतीला थडकतात आणि इथेच रिते होतात. तिकडे पूर्वेला संगमनेरला आम्ही पावसाची वाट बघत बसतो आणि इथे आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. भंडारदऱ्याचं धरण पंधरा ऑगस्टपर्यंत भरतं, असा आमच्याकडचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब आहे. 1926 साली पुरं झालेलं हे धरण अकरा टीएमसीचं. एवढं पाणी दोन-अडीच महिन्यांत या डोंगरांवरून उतरतं, हे लक्षात घेतलं की प्रवरेच्या ओढ्याची भीती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

रतनवाडीतून निघाल्यावर हाच ओढा वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येतो. एका श्रावणात वाडीतले एक मामा माझ्याबरोबर होते. आम्ही ओढ्यापाशी आलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं, तळाचे दगड दिसत होते. पलीकडे कॉलेजातली पाच-सहा मुलं नुकतीच पोचली होती आणि मागे राहिलेल्या मित्रांना हाका मारत होती. मामांनी मला हाताने थांबवलं आणि खाली वाकून पाण्याकडे बघत राहिले. पाण्यावर कुजका पालापाचोळा आणि बारीक काटक्या वाहत येऊ लागल्या होत्या. मग पाण्याचा रंग पालटला. आधी चहासारखा झाला, मग तांबडा. "वर पडलाय. आता पाय घालायचा नाही, ताई." आमच्या डोक्यावर तर नुसती भुरभुर होती. थोड्याच वेळात तळाचे दगड दिसेनासे झाले आणि पाण्याखाली धोंडे एकमेकांवर आपटत असल्याचा दबका गडगडाट ऐकू येऊ लागला. पलीकडची मुलं घाबरून परत यायला निघाली, तेव्हा मामा ओरडले, "तिथंच बसा! उतरंल पाणी!" मुलांनी ऐकलं. दोन तास भिजत बसली, पाणी उतरल्यावर एकमेकांचे हात धरून परत आली. त्या दिवशी आम्ही कोणीच गडावर गेलो नाही.

तेव्हापासून ओढ्यात पाय घालायच्या आधी मी पाण्यावर काय वाहून येतंय ते बघते. पाचोळा येणं, पाणी गढुळणं आणि आवाज बदलणं या तिन्ही खुणा लोंढा येण्याआधी मिळतात. फार वेळ मिळत नाही, पण दोन पावलं मागे सरायला तेवढा पुरतो.

ओढा पार झाला तरी पुढे शिड्या आहेत. लोखंडी आहेत, कठडे आहेत, एकट्याला चढायला अवघड नाहीत. पण जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी शिडीखाली माणसांची रांग लागते. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच पट्टीवर तोंडासमोर तोंड करून उभे राहतात. पाऊस अंगावर, खाली चिखल, थंडीने कुडकुडणारी लहान मुलं. एकेका खेपेला चाळीस-पन्नास माणसं घेऊन येणारे आयोजक मी तिथे पाहिले आहेत. पुढचा माणूस शिडीवर आणि शेवटचा अजून ओढ्याच्या अलीकडे, अशा तांड्याकडे कोण लक्ष देणार? मला हे मनापासून चुकीचं वाटतं. गडावर एका वेळी किती माणसं मावतात, याला मर्यादा आहे.

आणि त्र्यंबक दरवाजा? पावसाळ्यात त्या बाजूने उतरूच नये. नेढ्याच्या खाली हा दरवाजा आहे आणि त्याखाली कातळात खोदलेल्या पायऱ्या. शेकडो वर्षांच्या पावलांनी आणि पाण्याने पायऱ्यांच्या कडा झिजल्या आहेत, काही तर नुसत्या उतार होऊन राहिल्या आहेत. श्रावणात त्यांवरून पाणी वाहतं, कातळावर काळपट हिरवं शेवाळ धरतं आणि त्यावर बूट कितीही चांगले असले तरी टिकत नाहीत. पायऱ्या संपल्या की वाट खुटा नावाच्या सुळक्याच्या पोटातून आडवी जाते. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी आणि मध्ये कमरेइतकं गवत. पाऊल कुठे ठेवतोय ते दिसत नाही. धुक्यात तर पुढचा माणूसही दिसत नाही. तेव्हा आषाढ-श्रावणात यायचंच असेल तर अमृतेश्वराचं देऊळ बघावं. पुष्करणीपाशी बसावं, गाभाऱ्यात पाणी चढून पिंड बुडालेली असते ती बघावी, आवणी चाललेली खाचरं बघावीत. तेवढ्यात दिवस भरून जातो.

भाद्रपद सरत आला की पावसाचा जोर ओसरतो आणि डोंगर फुलतो. आधी तेरडा येतो, त्याने उतार गुलाबी होतात. मग सोनकी. गडाचा माथा, बुरुजांच्या फटी, टाक्यांचे काठ, जिथे म्हणून बोटभर माती आहे तिथे पिवळंधमक होतं. एकदा राणीचा हुडा या बुरुजाजवळ मी गुडघ्यावर बसून सोनकीचा एकच ताटवा बराच वेळ बघत होते. हाताच्या पंजाएवढ्या जागेत मातीचा थर पेराएवढाही नव्हता, खाली थेट कातळ. त्या मातीत सोनकी, तिच्या बुडाशी गवत आणि त्या गवताच्या मुळांत पावसाचं पाणी अजून धरलेलं. दोन महिन्यांत हे सगळं वाळून जाणार आणि त्याचीच पुढच्या वर्षीची माती होणार. फोटोसाठी त्या ताटव्यांत लोळणाऱ्यांना मी थांबवते. लोकांना राग येतो, पण एका बुटाखाली उखडलेली ती माती पहिल्याच सरीत कड्यावरून खाली जाते.

पूर्ण फेरा करायचा तो खरा दसऱ्यानंतर. आश्विनाच्या अखेरीस शेवाळ वाळून कातळ पायाला धरू लागतो. ओढ्याला पाणी असतं, पण स्वच्छ आणि शहाणं. टाकी भरलेली असतात. गवत अजून हिरवं असलं तरी साम्रदकडच्या वाटेवर माणसांचा राबता सुरू होतो, त्यामुळे वाट मोडलेली नसते. नेढ्यात बसलं की समोर अलंग, मदन, कुळंग हे गड ओळीने उभे, त्यांच्या पलीकडे 1646 मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या बाजूला आजोबा आणि कात्राबाईचे डोंगर. खाली शेतांत खुरासणीची पिवळी पट्टी आणि पिकत आलेलं भात. साम्रदला उतरेपर्यंत भाताचा वास येतो. भात सोंगणीच्या दिवसांत गावात कोणाला वाट दाखवायला सवड नसते, हे मात्र ध्यानात ठेवून आधी बोलून घ्यावं. मामा एकदा मला म्हणाले होते, "दिवाळीत या, पण विळा घेऊन या." मी गेले. दोन दिवस सोंगणी केली आणि तिसऱ्या दिवशी फेरा.

पौष-माघाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. हवा कोरडी, वाट पक्की, दिवस लहान. रात्री गडावरच्या गुहेत पारा एक आकडी होतो आणि नेढ्यातून वारा असा घुसतो की बोलता येत नाही. साम्रदला उतरून सांदण दरी बघायची तर हेच दिवस. नवख्या माणसाला मी हेच दोन महिने सांगते.

अवघड काळ पुन्हा सुरू होतो तो होळीच्या सुमाराला, आणि हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. पाऊस नाही, शेवाळ नाही, मग धोका कसला, असं वाटतं. धोका घसाऱ्याचा. सह्याद्रीचा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. टणक थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याचा पदर होतो आणि वाटा नेमक्या या पदरावरूनच आडव्या जातात. फाल्गुनात गवताची पकड सुटते, माती भुगा होते आणि तिच्यावर सुटा मुरूम पसरतो. खुट्याखालच्या आडव्या वाटेवर तेव्हा प्रत्येक पाऊल थोडं थोडं खाली सरकतं. गवताला धरावं तर ते मुळासकट हातात येतं. म्हणून फाल्गुन-चैत्रात मी फेरा उलटा करते, म्हणजे साम्रदहून त्र्यंबक दरवाज्याने चढायचं आणि शिड्यांनी रतनवाडीला उतरायचं. घसाऱ्यावरून चढताना वजन डोंगराकडे असतं, हात टेकता येतात. उतरताना तोल दरीकडे जातो.

याच दिवसांत कड्यांच्या कपारींत आग्यामोहोळं लटकलेली दिसतात. मोहोळ उठू नये म्हणून अत्तर, स्प्रे, सिगारेट, मोठ्याने गाणी, ड्रोन, सगळं खाली ठेवून जावं. आणि वणवा. वाळलेल्या गवतावर एक ठिणगी पडली तर आख्खी सोंड रात्रभर जळते. हे सारं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं आहे, शेकरूचं घर आहे. काळ्या पडलेल्या उतारावरून मी एका चैत्रात चालले तेव्हा पावलागणिक राख उडत होती आणि ओढ्याच्या बाजूने नेहमी ऐकू येणारी शीळकरी कस्तुराची शीळ कुठेच नव्हती. कोणीतरी गडाखाली चूल पेटवून तशीच सोडली होती, असं वाडीत ऐकलं. गडावर चूल मांडू नका. जेवण वाडीत सांगा, त्या घराला चार पैसे मिळतात आणि तांदळाची भाकरी पिठल्याबरोबर ताजी मिळते.

वैशाखात गड भाजून निघतो. ओढा कोरडा, काही टाक्यांचं पाणी हिरवं, काहींच्या तळाला नुसता गाळ. गुहेजवळच्या टाक्यात पाणी असलं तर असलं, त्याच्या भरवशावर निघू नये. माणशी चार लिटर पाणी पाठीवर हवं आणि सकाळी दहाच्या आत माथा गाठलेला हवा. खाली खाचरांत राब भाजलेले दिसतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळलेल्या त्या काळ्या चौकोनांत पाऊस पडला की भाताची रोपं टाकायची. वाटेवर करवंदं, जांभळं असतात, सावली ओढ्याकाठच्या रानात तेवढी.

आणि पावसाच्या तोंडावर, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की, काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर हजारोंनी बसतात आणि एका लयीत उजळतात, विझतात. अख्खं झाड पेटतं आणि अख्खं झाड विझतं. मी मामांच्या घराच्या ओट्यावरून ते पाहिले आहेत. आता त्या पंधरा दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइट सुरू, हॉर्न सुरू. काजव्यांची मादी नराला ओळखते ती उजेडाच्या खुणेवरून. आपल्या दिव्यांनी ती खूणच पुसली जाते आणि झालेल्या प्रत्येक बिघाडाचा हिशेब पुढच्या वर्षीच्या काजव्यांत होतो. गाडी लांब लावा, दिवे बंद करा, झाडाखाली जाऊ नका. ओल्या मातीत त्यांच्या माद्या असतात, त्या पायाखाली चिरडतात.

रतनगडाला यायचं ठरवलंत तर ही एवढी विनंती ऐका. पूर्ण फेरा दसऱ्यापासून माघापर्यंत करा, होळीनंतर केलात तर उलट्या दिशेने आणि सोबत घेऊन करा. पावसाळ्यात त्र्यंबक दरवाज्याकडे वळू नका, ओढा गढूळ दिसला तर तिथूनच मागे फिरा. सुट्टीच्या दिवशी येण्यापेक्षा मधल्या वारी या. आणि रतनवाडीतला किंवा साम्रदचा माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. त्या आठवड्यात वाट कशी आहे, ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.