आधी कोण, एवढंच सांग

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आमच्या खोलीत एक काका बसत. हुद्द्याने बरेच वरचे, पण सगळे त्यांना काकाच म्हणत. जुन्या युनिक्सवर हात बसलेला माणूस; माउसशी त्यांचं फारसं पटत नसे.

एका पतसंस्थेचा डेटा नव्या सिस्टिममध्ये नेण्याचं काम माझ्याकडे होतं. शाखांचं टेबल भरल्याशिवाय खात्यांचं भरता येत नाही, खात्यांशिवाय व्यवहारांचं नाही. अशी टेबलं ढिगाने. मी एक्सेलमध्ये ओळी वर-खाली करत बसलो होतो. काका मागे येऊन उभे राहिले. "क्रम तू कशाला लावतोस? तू फक्त जोड्या सांग. आधी हे, मग ते. एका ओळीत दोन शब्द, बास."

जोड्या लिहून झाल्यावर त्यांनी कमांड दिली, 'टीसॉर्ट', आणि पुढे फाइलचं नाव. सगळी टेबलं एकाखाली एक, ओळीने आली. सोबत एक तक्रारही आली: यात चक्र आहे. शाखेला व्यवस्थापक हवा, म्हणजे कर्मचारी आधी. कर्मचाऱ्याला शाखा हवी, म्हणजे शाखा आधी. काका खूश झाले. दोन्ही टेबलं आधी भरायची, व्यवस्थापकाचा रकाना रिकामा ठेवायचा आणि शेवटी जोडायचा, हे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं.

या कमांडची कुळकथाही त्यांच्याकडूनच ऐकली. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ती होती. तेव्हाचा लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणारा प्रोग्राम, लायब्ररीची फाइल एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचा. ज्याची मागणी आधी आलेली असेल तेवढाच तुकडा उचलायचा, मागे वळायचा नाही. म्हणून मागणारा आधी आणि देणारा नंतर, असे तुकडे रचावे लागत. 'लॉर्डर' जोड्या काढून द्यायचा, टीसॉर्ट क्रम लावायचा. पुढे लायब्ररीला अनुक्रमणिका आली आणि हे मूळ कामच संपलं. कमांड मात्र राहिली. लिनक्सवर सहसा असते ती मार्क केटेनिस यांनी लिहिलेली, क्नूथ यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडातल्या रीतीवर बेतलेली. रीत साधी: ज्याच्या आधी कुणीच उरलेलं नाही त्याला बाहेर काढा, त्याच्यावर अडलेल्यांचा एकेक अडसर कमी करा, पुन्हा तेच. 1962 मध्ये कान नावाच्या संशोधकाने अशीच रीत छापली होती.

मी काकांकडून खरं घेतलं ते मात्र वेगळंच. बरोबर क्रम एकच नसतो. जोड्या पाळल्या गेल्या की झालं. बाकी कोण वर, कोण खाली, यावरून मीटिंगमध्ये तास घालवणाऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा होता. "तुमची जोडी दाखवा," एवढंच ते म्हणत, आणि निम्मे वाद तिथेच मिटत. आज माझ्या टीममध्ये मी हेच वाक्य वापरतो. ते उसनं आहे हे कुणाला ठाऊक नाही.

आभार मानले की ते विषय बदलत. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र स्वतःहून म्हणाले, "ये रविवारी, जोड्या टाइप करायच्यात." देवनागरीत दिल्या तरी टीसॉर्टला चालतं, पण त्याला जागा सुटली की नवा शब्द वाटतो, म्हणून 'मंगल कार्यालय' अधोरेषेने जोडावं लागलं. पत्रिकेआधी मुहूर्त, आचाऱ्याआधी पाहुण्यांची यादी, असं सगळं भरलं. एंटर दाबताच चक्र! मुहूर्त ठरल्याशिवाय कार्यालय बुक होईना, आणि कार्यालयाची मोकळी तारीख कळल्याशिवाय मुहूर्त काढता येईना. काका पडद्याकडे बघत चष्मा पुसू लागले.

काकू चहा घेऊन आल्या, दोन ओळी वाचल्या. "कार्यालय आधी," त्या म्हणाल्या. "मुहूर्ताचं गुरुजींशी मी बोलते." काकांनी एक ओळ खोडली.